जहाजावरील पंगत : तिकिटातले जेवण आणि वरचे जेवण



ह्या व्यासपीठावरून आपण राज्यकारभाराविषयी ऐकता, तत्त्वज्ञानाविषयी ऐकता. मी आज बोलणार आहे ते बोटीवरच्या जेवणाविषयी. विषय सांगितला तेव्हा चिटणीस किंचित हसले, आणि त्यांचे हसणे मला समजले. परंतु समोर बसलेल्या मंडळींपैकी अनेकांची मुले परदेशात आहेत, आणि "आई-बाबा, एकदा बोटीची सफर करून या" असा त्यांचा आग्रह आज ना उद्या होणार आहे. परदेशात जावयाचे नसेल तरी २०२१ सालापासून मुंबईच्या बंदरातूनच कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' नावाचे जहाज गोव्याकडे व लक्षद्वीपकडे सफरी करू लागले आहे. तेव्हा तिकीट काढल्यावर त्यात नेमके कोणते जेवण येते आणि कोणत्या घासाचे पैसे निराळे पडतात, हे निघण्यापूर्वी समजून घेणे अगदीच निरुपयोगी नाही.

मला ह्या विषयाची गोडी लागली ती पुस्तकांतून नव्हे. तीन वर्षांपूर्वी मी, माझी पत्नी आणि माझी थोरली बहीण आक्का असे तिघे माझ्या भाच्याच्या, म्हणजे आक्काच्या मुलाच्या, कुटुंबाबरोबर फ्लॉरिडातील एका बंदरातून सात रात्रींच्या सफरीस निघालो. तिकिटे भाच्याने काढलेली. आमच्या केबिनींचा वरखर्चही त्याच्याच क्रेडिट कार्डाला जोडलेला. आक्का छत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली; स्वतःच्या पेन्शनीवर राहणारी, कोणाच्या चार आण्यांची मिंधी नसलेली बाई. पहिल्या संध्याकाळी आम्ही मोठ्या भोजनगृहात गेलो. पांढरे शुभ्र मेजपोस, ताटाभोवती काट्या-चमच्यांची रांग, वाकून खुर्ची ओढणारा वेटर. आक्काच्या हाती पदार्थांचे कार्ड आले. तिने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, मागची बाजू उलटून पाहिली आणि मिटून ठेवले. "मला भूक नाही," म्हणाली, आणि नुसते सूप घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा-पाव, दुपारी दोन केळी, रात्री "पोट जड आहे". तिसऱ्या दिवशी माझ्या पत्नीने खोदून विचारले तेव्हा उलगडा झाला. त्या कार्डावर कोठेही किंमत छापलेली नव्हती. आक्काचा हिशेब सरळ होता: ज्या हॉटेलात किंमत लिहीत नाहीत तेथे ती सर्वांत जास्त असते, आणि ती मुलाच्या कार्डावर चढणार.

त्याच तीन दिवसांत मी काय करीत होतो? रोज सकाळी खालच्या मजल्यावरील एका देखण्या दुकानात जाऊन फेसाळलेली कॉफी पीत होतो. मुलगी हसून कॉफी देई, माझे केबिनचे कार्ड एका यंत्राला लावी आणि परत करी. पैसे कोणी मागितले नाहीत, म्हणून कॉफी तिकिटातच आहे अशी माझी खात्री झाली. चौथ्या रात्री भाच्याने केबिनमधील टेलिव्हिजनवर खाते उघडून दाखविले: चार पेले, प्रत्येकी ५ डॉलर, वर १८ टक्के सेवाआकार, एकूण २३ डॉलर ६० सेंट. एकाच घरातील दोन माणसे. एक पैसे भरलेल्या ताटासमोर उपाशी बसले होते, आणि दुसरे फुकट समजून दुसऱ्याचे पैसे पीत होते. ह्यात जहाजावरच्या लोकांनी कोणास फसविले नव्हते. आम्हांला तेथील रीत ठाऊक नव्हती, इतकेच.

ही रीत समजण्यास आपल्या खानावळीचे उदाहरण पुरते. खानावळीत थाळीचा एक दर असतो. पोळी, भाजी, आमटी, भात हे त्यात आले. हवे तेवढे घ्या. परंतु भिंतीवर पाटी असते, "स्वीट डिश एक्स्ट्रा". श्रीखंडाची वाटी मागितली की ती वेगळी लागते. जहाज म्हणजे तरंगती खानावळच. फरक इतकाच की तेथे थाळी चार-पाच ठिकाणी मिळते, श्रीखंडाची दुकाने दहा असतात, आणि पाटी मात्र प्रत्येक ठिकाणी असतेच असे नाही.

थाळी कोठे कोठे मिळते? एक, मोठे भोजनगृह. येथे बसून, वाढून घेऊन जेवावयाचे. प्रारंभीचा पदार्थ, मुख्य पदार्थ व शेवटचे गोड, तिन्ही तिकिटात. एकाऐवजी दोन गोड पदार्थ मागितले तरी वेटरच्या कपाळावर आठी पडत नाही. दोन, वरच्या मजल्यावरचा बुफे. लग्नातला बुफे आपण जाणतो, त्याहून पुष्कळ मोठा; सकाळ, दुपार आणि संध्याकाळ उघडा. जहाजावर पाऊल ठेवल्यावर पहिले दुपारचे जेवण बहुधा येथेच होते. तीन, पोहण्याच्या तलावाजवळची पिझ्झा, सँडविच वगैरे देणारी छोटी ठिकाणे. ही पुष्कळ जहाजांवर तिकिटात येतात, सगळीकडे नव्हे. साधे पाणी, चहा, यंत्रातील साधी कॉफी, लिंबाचे सरबत, न्याहारीच्या वेळचा डब्यातील फळांचा रस, हेही सामान्यतः थाळीतलेच. माझ्या त्या कॉफीच्या दुकानापासून दहा पावलांवर एक यंत्र होते आणि त्यात कॉफी फुकट होती, हे मला पाचव्या दिवशी दिसले.

आता श्रीखंड. ज्यांस खास रेस्टॉरंटे म्हणतात ती, म्हणजे इटालियन, जपानी, भाजलेल्या मांसाची वगैरे, ही तिकिटाबाहेर. त्यांच्या आकारणीच्या दोन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेत दरवाजाशीच माणशी ठरावीक रक्कम, तिला कव्हर चार्ज म्हणतात. आत गेल्यावर हवे ते खा. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक पदार्थाची किंमत निराळी. येथे आक्काच्या कोड्याचे उत्तर सापडते. जमिनीवरचा आपला अनुभव जहाजावर उलटा होतो: भोजनगृहाच्या कार्डावर किंमत नाही, कारण ती तिकिटात भरून झालेली असते, जेथे पदार्थापुढे आकडा आहे तेथे तो आकडा द्यावयाचा असतो. मात्र कव्हर चार्जच्या रेस्टॉरंटात आतल्या कार्डावर आकडा नसेल आणि तरी पैसे लागतील, म्हणून अशा ठिकाणी उंबरठ्यावरच विचारावे. आणखी एक बारकावा आहे. भोजनगृहाच्याच कार्डावर तळाशी कधीकधी एक-दोन भारी पदार्थ, मोठा लॉब्स्टर किंवा मांसाचा उंची तुकडा, आकड्यासह छापलेले असतात, ते थाळीबाहेरचे. अलीकडे काही कंपन्यांनी दोनांहून अधिक मुख्य पदार्थ मागितल्यास तिसऱ्याला आकार लावण्यास प्रारंभ केला आहे. आपल्यापैकी बहुतेकांवर तो प्रसंग येणार नाही.

फसगत होते ती ह्या मोठ्या गोष्टींत नव्हे. होते ती जुळ्या वस्तूंत. डेकवरच्या यंत्रातील आइसक्रीम फुकट, आणि चार दुकाने पलीकडे काचेच्या पेटीतील आइसक्रीम विकत. न्याहारीचा संत्र्याचा रस फुकट, समोर पिळून दिलेला रस विकत. नळाचे व बुफेतील पाणी फुकट आणि पिण्यास चांगले. परंतु केबिनच्या मेजावर मांडून ठेवलेल्या बाटलीच्या गळ्यात बारीक अक्षरांची चिठ्ठी असते, ती बाटली विकत. केबिनमध्ये मागविलेले जेवण काही कंपन्यांत साध्या न्याहारीपुरते फुकट आणि एरवी पैसे देऊन. ह्या सर्वांवर एकच उपाय आहे, आणि तो आपल्या लोकांस फार जड जातो: कार्ड पुढे करण्यापूर्वी "ह्याचे पैसे पडतात का?" असे तोंडाने विचारणे. आपल्याला वाटते, विचारले तर आपण गावंढळ ठरू. तेथील वेटर हा प्रश्न दिवसातून शंभरदा ऐकतो.

हे संकोचाचे दुखणे जुने आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी गांधीजी मुंबईहून विलायतेस निघाले, तेव्हा बोटीवर त्यांना काटे-चमचे वापरता येत नव्हते, आणि कोणत्या पदार्थांत मांस नाही हे विचारण्याचे धैर्य होत नव्हते. म्हणून ते भोजनगृहात न जाता केबिनमध्ये बसून बरोबर नेलेली मिठाई व फळे खात राहिले, असे त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवले आहे. जेवण तेव्हाही तिकिटातच होते! आक्काला मी ही हकीकत सांगितली तेव्हा तिला जरा बरे वाटले.

तिकिटातले जेवण आणि वरचे जेवण हा भेद आजच्या कंपन्यांनी शोधून काढलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अटलांटिक ओलांडणाऱ्या गरीब उतारूंना पुष्कळदा आपला शिधा आपणच न्यावा लागे आणि जहाजावरील चुलीपाशी पाळी लावून शिजवावा लागे. पुढे कायदे झाले आणि अन्न पुरविणे हे जहाजाचे कर्तव्य ठरले. उलट दिशेने, श्रीमंतांना सर्वांबरोबर ठरावीक वेळी पंगतीला बसणे नकोसे झाले. १९०५ साली हाम्बुर्ग-अमेरिका लाइनच्या 'अमेरिका' जहाजावर रिट्झच्या नावाचे रेस्टॉरंट उघडले. तेथे हवे तेव्हा जावे, हवे ते मागवावे आणि निराळे पैसे द्यावेत. १९१२ च्या 'टायटॅनिक'वरही असे रेस्टॉरंट होते. जो पहिल्या वर्गाचा उतारू केवळ तेथेच जेवावयाचे ठरवी त्याला तिकिटात काही सूट मिळे; म्हणजे थाळी नको असेल तर थाळीचे पैसे वळते. हा न्याय आज फारसा कोठे उरला नाही. खास रेस्टॉरंटात गेलात म्हणून भोजनगृहाचे पैसे कोणी परत करीत नाही. ती रात्र तुम्ही दोनदा विकत घेतलेली असते. जाता जाता सांगतो: टायटॅनिकवरील त्या रेस्टॉरंटातील नोकर जहाज कंपनीचे नव्हते, गॅटी नावाच्या इटालियन ठेकेदाराचे होते. सुमारे सत्तर माणसांपैकी तिघेच वाचली. गॅटीही गेला.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या 'क्वीन मेरी'वर 'व्हरांडा ग्रिल' नावाची जादा पैशांची जागा होती. पुढे विमाने आली, अटलांटिकची प्रवासी जहाजे बसली, आणि १९६६ पासून मायामी बंदरातून केवळ मौजेच्या सफरींचा नवा धंदा वाढला. त्यात बराच काळ सर्वांनी एकाच भोजनगृहात, पहिल्या किंवा दुसऱ्या पंगतीला, नेमून दिलेल्या मेजावर बसावयाचे अशी शिस्त होती. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ही शिस्त मोडून 'फ्रीस्टाइल' नावाची मोकळी पद्धत आणली: वेळ आपली, मेज आपले, रेस्टॉरंटे अनेक. मोकळीक वाढली तशी निराळ्या पैशांची दारेही वाढली. आज बहुतेक मोठ्या जहाजांवर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात, आणि तिकीट काढताना विचारतात की ठरावीक वेळ हवी की मोकळी.

मोठ्या कंपन्यांचे वार्षिक हिशेब प्रसिद्ध होतात. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन ह्या दोन प्रमुख समूहांचे आकडे पाहिले तर उत्पन्नाचा ढोबळमानाने एक-तृतीयांश भाग तिकिटांतून नव्हे, तर जहाजावरील विक्री व अशाच इतर खात्यांतून येतो: दारू, जुगार, किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट, आणि आपली ही खास रेस्टॉरंटे. म्हणूनच पहिल्या दिवशी जहाजावर चढताच हसतमुख मंडळी "आज रात्रीसाठी सवलत" म्हणून कागद पुढे करतात. रागावण्याचे कारण नाही. स्वस्त तिकीट ह्या विक्रीच्या जोरावरच परवडते. परंतु त्या पहिल्या तासात, प्रवासाच्या थकव्यात, काहीही ठरवू नये असे माझे मत आहे. आधी एक रात्र भोजनगृहात जेवून पाहावे. तेथले जेवण आवडले तर वरचे लागणार नाही. एखादा वाढदिवस असेल, तर एक संध्याकाळ बाहेर जेवावे, आणि शक्य तर समुद्रातील दिवशी दुपारी जावे. तेच रेस्टॉरंट दुपारी उघडे असेल तर पुष्कळदा स्वस्त पडते. आरक्षण केल्यावर जावयाचे नसेल तर मुदतीत रद्द करावे, नाहीतर दंड बसतो.

पेयांच्या पॅकेजविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण तेथे रकमा मोठ्या असतात. रोजची एक रक्कम भरा आणि दिवसभर प्या, असा हा व्यवहार. समजा दर दिवसाला ७० डॉलर आहे. त्यावर १८ टक्के धरले की ८२ डॉलर ६० सेंट. सात दिवसांचे ५७८ डॉलर २० सेंट, आणि हे एका माणसाचे. बंदराच्या दिवशी तुम्ही दिवसभर किनाऱ्यावर असलात तरी त्या दिवसाचे पैसे द्यावेच लागतात. शिवाय कित्येक कंपन्यांत एका केबिनमधील एका प्रौढाने दारूचे पॅकेज घेतले तर दुसऱ्यानेही घेतलेच पाहिजे असा नियम असतो. माझ्या शेजारच्या केबिनमधील एका सद्गृहस्थांना हा नियम शेवटी कळला. त्यांच्या पत्नी सात दिवस ताक शोधीत होत्या आणि पैसे मद्याचे भरीत होत्या.

सर्व जहाजे मात्र एका साच्याची नसतात. डिस्नेच्या जहाजांवर कुटुंबास रोज निराळ्या भोजनगृहात फिरवितात, आणि ती फिरती तिकिटातच असते. वेटर तुमच्याबरोबर फिरतात. व्हर्जिन व्हॉयेजेस ह्या केवळ प्रौढांसाठी असलेल्या कंपनीने २०२१ साली सफरी सुरू केल्या, त्या सर्व रेस्टॉरंटे तिकिटात धरूनच. क्युनार्डच्या 'क्वीन मेरी २'वर तुमचे भोजनगृह केबिनच्या दर्जावर ठरते. उंची केबिनवाल्यांची पंगत निराळी. आणि रीजेंट, सिल्व्हरसी यांसारख्या महाग कंपन्यांत दारूसुद्धा तिकिटात येते. म्हणून दोन तिकिटांची तुलना करावयाची ती केवळ तिकिटाच्या आकड्याने करू नये. आपण खरोखर काय खाणार-पिणार ते कागदावर मांडून दोन्हींत मिळवावे आणि मग पाहावे.

आता आपल्या शाकाहारी मंडळींचा प्रश्न. सुदैवाने येथे जादा पैशांची गरज सहसा पडत नाही. शाकाहारी, जैन, कांदा-लसणाशिवाय, मधुमेहाचे असे जे काही असेल ते तिकीट काढतानाच लेखी कळवावे, आणि पहिल्या रात्री भोजनगृहातील हेड वेटरला पुन्हा सांगावे. हे दुसरे सांगणे महत्त्वाचे आहे. कागद कार्यालयात राहतो, स्वयंपाक खाली होतो. मोठ्या जहाजांवर भारतीय आचारी बहुधा असतात, आणि आदल्या रात्री सांगितले तर दुसऱ्या दिवशी भाजी, डाळ, भात मिळू शकतो. ह्यासाठी मी ठरावीक वेळेची पंगत पसंत करतो. रोज तोच वेटर असला म्हणजे रोज नव्याने सांगावे लागत नाही.

आमचा वेटर गोव्याकडचा निघाला. गोव्याच्या माणसाचे आगबोटीशी नाते फार जुने आहे. पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवरचे स्वयंपाकी व वाढपी पिढ्यान्‌पिढ्या गोव्याचे असत, आणि बोटीची वाट पाहणाऱ्या खलाशांसाठी मुंबईत धोबीतलाव-गिरगावच्या परिसरात गावागावांचे कूड उभे राहिले. तिसऱ्या रात्री तो आक्काजवळ वाकला आणि मराठीत म्हणाला, "मावशी, दोन दिवस पाहतोय, तुम्ही जेवत नाही. ह्याचे पैसे तिकिटातच दिलेत. तुम्ही खाल्ले नाहीत तर ते परत मिळत नाहीत." आक्का त्याच्याकडे पाहतच राहिली. मग तिने कार्ड उघडले. चौथ्या रात्री तिच्यासमोर तूरडाळीची आमटी आली. ती आमच्या घरच्यासारखी नव्हती, पण तिने दोनदा मागून घेतली.

त्या वेटराचा पगार आपल्या बिलात कसा असतो, हे ठाऊक असावे. ग्रॅच्युइटी म्हटले की आपल्याकडे निवृत्तीची रक्कम आठवते. जहाजावर तो शब्द बक्षिसीचा आहे. अमेरिकी पद्धतीच्या जहाजांवर दर माणशी, दर दिवशी, काही डॉलर आपोआप खात्यावर पडतात आणि वेटर, केबिन आवरणारा, पडद्याआडचे काही कामगार ह्यांच्यात वाटले जातात. ही रक्कम जेवणाच्या तिकिटात धरलेली नसते, तेव्हा ती घरूनच हिशेबात घ्यावी. काही कंपन्यांत काउंटरवर जाऊन ती कमी करून घेता येते, आणि तसे करणारे लोक मी पाहिले आहेत. सेवेत काही खरीच कसूर झाली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी त्या माणसांच्या कमाईचा मोठा भाग ह्याच वाटपातून येतो. घर सोडून महिनोन्‌महिने ते रोज काम करतात. पेयांवर जे १८ किंवा २० टक्के लागतात ते मात्र ह्याहून निराळे. ते आधीच लागलेले असतात, म्हणून पावतीवर 'जादा बक्षीस' अशी कोरी ओळ दिसली तर ती भरलीच पाहिजे असे नाही.

राहता राहिले बिल. जहाजावर रोख पैसा चालत नाही. सर्व काही केबिनच्या कार्डावर. त्यामुळे खर्च झाल्याचे जाणवत नाही. खाते रोज रात्री पाहावे, टेलिव्हिजनवर, फोनवर किंवा काउंटरवर. चूक असल्यास त्याच रात्री सांगावी. शेवटच्या सकाळी त्या काउंटरपुढे जी रांग लागते ती आपल्या रेशनच्या रांगेची आठवण करून देते, आणि तिकडे उतरण्याची हाक झालेली असते. मुले बरोबर असल्यास त्यांच्या कार्डावर मर्यादा घालून घेता येते. नातवाने एका दुपारी तीन रंगीत सरबते घेतल्याचे आम्हांस असेच कळले.

सहाव्या रात्री आक्काने स्वतः खाते मागून घेतले. चष्मा लावून, ओळ न्‌ ओळ बेरीज करीत तिने ते तपासले. पाण्याची एक बाटली तिच्या केबिनच्या नावे होती. ती तिने उघडलीच नव्हती, जशीच्या तशी मेजावर उभी होती. ती बाटली हातात घेऊन आक्का एकटीच खाली काउंटरवर गेली. तेथील मुलीने एक शब्द न बोलता रक्कम वजा केली, आणि नवा कागद छापून दिला. भाच्याने तो टाकून दे म्हटले. आक्काने तो घडी करून पर्समध्ये ठेवला.